चुकांची वही

मार्च 1977 च्या शेवटी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डोनाल्ड क्नूथ यांच्या हाती गॅली प्रुफं पडली. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’ या त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची सुधारित आवृत्ती निघायची होती, तिची ही प्रुफं. खोट मजकुरात नव्हती, अक्षरांत होती. पहिल्या आवृत्तीतली पानं ज्या डौलानं बसली होती तो डौल पार गेला होता. त्या दिवशीच्या रोजनिशीत त्यांनी प्रुफं भिकार दिसत असल्याची नोंद केली आणि हा प्रश्न आता आपल्यालाच सोडवावा लागणार, असंही लिहून ठेवलं.

नाराजी एका प्राध्यापकाची असली, तरी तिचं कारण सगळ्या छपाईच्या धंद्याला लागू होतं. ग्रंथाचे पहिले खंड मोनोटाइप यंत्रावर, वितळलेल्या शिशाचे खिळे ओतून जुळवले गेले होते. गणिताचा मजकूर म्हणजे जुळाऱ्याची परीक्षाच. घातांक वर, निर्देशांक खाली, अपूर्णांकाची रेघ मधोमध, मोठ्या कंसात लहान कंस, आणि हे सगळं डोळ्याला न खुपता बसवायचं. बराचसा भाग हातानंच जुळवावा लागे, म्हणून छापखाने अशा मजकुराला जादा दर लावत. सत्तरच्या दशकात फोटोटाइपसेटिंग आलं आणि शिशाची यंत्रं मोडीत निघू लागली. यंत्रांबरोबर ती चालवणारे हातही गेले. नव्या यंत्रांवर मजकूर झटपट जुळत होता; पण वरचा घातांक आणि खालचा निर्देशांक यांच्यात किती जागा सोडली की नजर अडखळत नाही, हे जाणणारा कारागीर त्या यंत्रात नव्हता.

क्नूथ यांना ते टोचलं, कारण पुस्तक त्यांच्या लेखी केवळ मजकुराचं वेष्टन नव्हतं. त्यांचा जन्म 1938 चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीचा. वडील शिक्षक होते आणि घराच्या तळघरात छपाईची लहानमोठी कामंही करत. 1962 मध्ये, पीएचडीचं शिक्षण चालू असतानाच, एका प्रकाशकानं क्नूथ यांना कंपायलरवर पुस्तक लिहायला सांगितलं. त्यांनी बारा प्रकरणांचा आराखडा केला आणि लिहीत गेले. हस्तलिखित तीन हजार पानांवर गेलं, तेव्हा एका पुस्तकाच्या जागी सात खंडांची योजना ठरली. 1968, 1969 आणि 1973 या साली तीन खंड निघाले आणि 1974 मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. चौथा खंड लिहायला घेतला होता, तोच ही प्रुफं आली.

महिना-दोन महिने आधी त्यांनी एक वेगळी गोष्ट पाहिली होती. पॅट्रिक विन्स्टन यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या पुस्तकाची प्रुफं एका डिजिटल यंत्रावर निघाली होती. इंचाला हजाराच्या वर ठिपके टाकणारं ते यंत्र, आणि अक्षरं जुन्या छपाईच्या तोडीची. जिथे ठिपका हवा तिथे एक, नको तिथे शून्य. म्हणजे पानाचं सौंदर्य हा शेवटी शून्य आणि एकचा प्रश्न झाला, आणि शून्य-एकचं शास्त्र तर त्यांचं स्वतःचं. चौथा खंड बाजूला ठेवून सुट्टीच्या वर्षात हे काम उरकायचं, असा त्यांचा बेत होता. त्या कामाला दहा वर्षं लागली. त्यातून टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम आणि अक्षरं घडवणारा त्याचा जोडीदार मेटाफॉन्ट जन्माला आले. आज गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ आपले शोधनिबंध ज्या पद्धतीनं लिहितात, तिच्या मुळाशी हाच प्रोग्राम आहे. पवईच्या आयआयटीत किंवा पुण्याच्या आयसरमध्ये जो विद्यार्थी टेकवर रचलेल्या लाटेकमध्ये प्रबंध जुळवतो, त्याच्या पडद्यामागे ओळी तोडण्याचं काम याच घराण्यातला प्रोग्राम करतो.

पण टेकचा इतिहास मला मोलाचा वाटतो तो त्याच्या प्रसारामुळे नव्हे. चांगलं सॉफ्टवेअर कसं घडतं, याचा इतका प्रामाणिक, तारीखवार दस्तऐवज दुसरा क्वचितच सापडेल.

मे 1977 मध्ये क्नूथ यांनी रात्र जागवून आराखड्याचं टिपण लिहिलं. टेकमध्ये मजकूर कसा द्यायचा, समीकरणं कशी टंकायची, पान कसं बांधायचं, असं सगळं त्यात होतं. मग ते तीन आठवड्यांसाठी चीनला गेले. जाताना मायकेल प्लास आणि फ्रँक लिआंग या दोन विद्यार्थ्यांकडे टिपण सोपवलं: यावरून प्रोग्राम लिहा. आपण पुरेसं सविस्तर लिहिलं आहे, उरलं ते नुसतं हातकाम, अशी त्यांची समजूत होती. परत आले तर विद्यार्थ्यांनी एक छोटा भाग चालता केलेला होता. तेवढंही कसं जमलं, याचंच त्यांना नवल वाटलं. कारण स्वतः लिहायला बसले तेव्हा दर थोड्या ओळींमागे असा प्रश्न उभा राहू लागला, ज्याचं उत्तर टिपणात नव्हतं आणि विद्यार्थ्यांना ते ठरवण्याचा अधिकारही नव्हता. टिपण लिहिताना जे स्वच्छ दिसलं होतं, ते प्रोग्राम लिहिताना धूसर निघालं.

त्या काळात हे सगळ्यांना पटण्यासारखं नव्हतं. 1968 मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या पुढाकारानं एक परिषद झाली होती. मोठमोठे प्रोग्राम वेळेत होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो आणि झालेले प्रोग्राम नीट चालत नाहीत, ही तिथली तक्रार होती. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द या परिषदेमुळे रूढ झाला. पूल बांधतात तसे प्रोग्राम बांधायचे, म्हणजे एकानं आराखडा करायचा, दुसऱ्यानं बांधायचं, तिसऱ्यानं तपासायचं आणि वापराची पुस्तिका चौथ्यानं लिहायची, हा मार्ग अनेकांना सरळ वाटत होता. 1975 मध्ये फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएमच्या एका अवाढव्य प्रणालीचा अनुभव पुस्तकात मांडला. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं लावली की उशीर वाढतो, हे त्यांचं म्हणणं तेव्हापासून या क्षेत्रात सांगितलं जातं. क्नूथ यांच्या अनुभवानं प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. आराखडा करणारा आणि बांधणारा वेगळे झाले, की दोघांच्या मधल्या जागेत निर्णय हरवतात.

म्हणून ऑक्टोबर 1977 मध्ये त्यांनी मोठी वही घेतली आणि पेन्सिलीनं टेक लिहायला सुरुवात केली. संगणकावर नव्हे, वहीत. जवळपास सहा महिने एकही ओळ यंत्रात गेली नाही. आज कोणी असं केलं तर सहकारी काळजीत पडतील. पण प्रोग्रामची रचना डोक्यात पक्की असेल, प्रत्येक भागाचं दुसऱ्याशी नातं ठरलेलं असेल, तर सगळं लिहून झाल्यावर एकदमच चालवून पाहता येतं, असा त्यांना विश्वास होता. मार्च 1978 मध्ये प्रोग्राम टंकून झाला आणि 10 मार्चला चाचणी सुरू झाली.

त्या दिवसापासून ते एक यादी ठेवू लागले. टेकमध्ये केलेला प्रत्येक बदल, सापडलेली प्रत्येक चूक, क्रमांकासह. पहिली नोंद अगदी किरकोळ आहे: काही चलांची नावं बदलली, कारण त्या यंत्रणेला नावाची पहिली सहाच अक्षरं ओळखू येत होती आणि दोन नावं तेवढ्यात सारखी झाली की घोटाळा. अशा नोंदी वाढत आठशेच्या वर गेल्या. 1989 मध्ये क्नूथ यांनी त्यावर मोठा लेख लिहिला आणि यादी तशीच्या तशी छापली.

जगातल्या सर्वांत नावाजलेल्या संगणकशास्त्रज्ञांपैकी एक माणूस दहा वर्षांतली आपली प्रत्येक चूक जाहीर करतो, हेच मुळात विरळा. पण या यादीचं खरं मोल तिच्या वर्गवारीत आहे. त्यांनी पंधरा प्रकार पाडले आणि प्रत्येकाला एकेक इंग्रजी अक्षर दिलं. नऊ प्रकार चुकांचे, सहा सुधारणांचे. निवडलेली रीतच चुकीची होती, हा एक प्रकार. काय करायचं ते नीट माहीत होतं आणि तरी हातून भलतंच लिहिलं गेलं, हा दुसरा. करायचं ठरवलेलं राहूनच गेलं, हा तिसरा. प्रोग्रामिंगच्या भाषेचा गैरसमज, दोन भागांचे न जुळलेले सांधे, नुसतं टंकताना घसरलेलं बोट, यांचेही वेगवेगळे रकाने. त्यांत अनपेक्षित प्रसंगांचाही एक रकाना आहे. तिथे प्रत्येक भाग आपल्या जागी बरोबर असतो, पण लिहिणाऱ्यानं ज्याची कल्पनाच केली नव्हती अशा रीतीनं ते एकत्र येतात आणि गाडं अडतं. कुठल्याही मोठ्या प्रोग्रामवर काम केलेल्या माणसाला हा रकाना वाचताना आपल्या कामातले प्रसंग आठवतील.

सुधारणांच्या नोंदीही तितक्याच बोलक्या आहेत. 1978 मध्ये क्नूथ यांनी दुसऱ्या खंडाचा सगळा मजकूर टेकमध्ये स्वतः टंकला. प्रोग्रामचे सुरुवातीचे अपेक्षित वापरकर्ते दोनच होते, ते स्वतः आणि त्यांच्या सचिव. शेकडो पानं टंकताना एखादी आज्ञा तिसऱ्यांदा गैरसोयीची वाटली की ते थांबत, वहीत लिहीत आणि प्रोग्राम सुधारत. पुढे वापराची पुस्तिकाही त्यांनीच लिहिली. ‘द टेकबुक’ या नावानं 1984 मध्ये ती निघाली. पुस्तिका लिहिताना एखादी गोष्ट समजावून सांगायला दोन परिच्छेद लागले, की दोष वाचकाचा नाही, प्रोग्रामचा आहे हे त्यांच्या ध्यानात येई. आणि मग ते परिच्छेदाऐवजी प्रोग्राम दुरुस्त करत. आराखडा, बांधणी, वापर, पुस्तिका या सगळ्यांत आपण स्वतः नसतो, तर यातल्या शेकडो सुधारणा झाल्याच नसत्या, असं त्यांनी नंतर स्पष्ट म्हटलं आहे. या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे असं मला वाटतं. चार कामं चार खात्यांत वाटली की कोणालाच दोन परिच्छेदांची टोचणी लागत नाही.

आता प्रोग्रामच्या आत थोडं डोकवायला हवं, नाहीतर हे सगळं कशासाठी चाललं होतं ते कळणार नाही.

परिच्छेदाच्या ओळी पाडणं हे अक्षरजुळणीतलं सर्वांत साधं वाटणारं काम. तोवरचे प्रोग्राम एक ओळ घेत, तिच्यात बसतील तितके शब्द भरत, उरलेली जागा शब्दांमध्ये वाटत आणि पुढच्या ओळीकडे वळत. पंगतीत एखादा नवखा वाढपी समोरच्या पानावर भरभरून श्रीखंड वाढत जातो आणि शेवटच्या चार पानांपर्यंत पातेलं रिकामं होतं, तसंच इथे होई. आधीच्या ओळी नेटक्या बसत, मग एखादा लांबलचक शब्द येई आणि ती ओळ दात पडल्यासारखी विरळ दिसे. जाणता जुळारी तसं करत नसे. पुढे अडचण दिसली की तो मागे जाऊन दोन-तीन ओळी किंचित सैल करी आणि जागा मिळवी.

क्नूथ आणि प्लास यांनी जुळाऱ्याची ही नजर गणितात उतरवली. प्रत्येक अक्षर म्हणजे एक चौकट. शब्दांमधली जागा म्हणजे ताणता किंवा दाबता येईल असा डिंक. किती ताणायचा, किती दाबायचा याची मर्यादा ठरलेली. ओळ बसवताना डिंक जितका ताणला, त्या प्रमाणाच्या घनाला शंभरनं गुणून ओळीची ‘खराबी’ काढायची. ताण मर्यादेच्या निम्मा असेल तर खराबी बाराच्या आसपास, मर्यादेइतका असेल तर शंभर. म्हणजे एक ओळ पूर्ण ताणण्यापेक्षा दोन ओळी अर्ध्या ताणणं कितीतरी बरं, हे आकड्यातच बसलं. शब्द तोडून संयोगचिन्ह द्यावं लागलं तर वेगळा दंड, लागोपाठ दोन ओळींत तसं झालं तर आणखी. मग अख्ख्या परिच्छेदाच्या ओळी अशा पाडायच्या की एकूण दोष कमीत कमी राहावा.

सगळे पर्याय तपासायचे म्हटलं तर शक्यच नाही. ओळ तोडता येईल अशा शंभर जागा असतील, तर पर्यायांची संख्या एकतीस अंकी होते. पण एखाद्या जागेपर्यंत पोचायचा सर्वांत चांगला मार्ग एकदा सापडला, की तिथपर्यंतचे बाकीचे मार्ग विसरता येतात. शिवाय ज्या जागी ओळ मर्यादेत बसूच शकत नाही, त्या आपोआप गळतात. एवढ्या छाटणीनंतर काम इतकं आटोपतं की सत्तरच्या दशकातल्या यंत्रालाही ते झेपलं. 1981 मध्ये दोघांनी हा शोध लेखात मांडला. शब्द कुठे तोडायचा, हा प्रश्न लिआंग यांनी आपल्या पीएचडीत सोडवला. इंग्रजी शब्दकोशातून त्यांनी अक्षरसमूहांचे 4,447 नमुने काढले. त्यांच्या आधारे शब्द तोडण्याच्या 89 टक्के जागा सापडतात, आणि चुकीच्या जागी तोड जवळजवळ पडतच नाही. उरलेल्या अकरा टक्के जागा सुटल्या तरी चालेल, पण वाचकाच्या डोळ्यांसमोर चुकीचा तुटलेला शब्द येता कामा नये, ही निवड त्यात आहे. नमुन्यांची यादी बदलली की तोच प्रोग्राम दुसऱ्या भाषेचे शब्द तोडतो. आज अशा याद्या मराठीसकट कितीतरी भाषांसाठी आहेत.

अक्षरांची गोष्ट इतकी सरळ गेली नाही. मेटाफॉन्टमध्ये अक्षराचं चित्र काढायचं नव्हतं, तर लेखणीचा मार्ग समीकरणांनी सांगायचा होता, म्हणजे आकडे बदलले की त्याच अक्षराचं जाड, बारीक किंवा रुंद रूप मिळावं. इंग्रजीतल्या नागमोडी ‘एस’नं क्नूथ यांना तीन दिवस आणि तीन रात्री छळलं. त्याच्या मधल्या वळणाचं समीकरण सुटेना, आणि सुटल्यावर त्यांनी त्या एका अक्षरावर स्वतंत्र लेख लिहिला. 1981 मध्ये दुसरा खंड अखेर टेकमधून छापून आला. ज्या पुस्तकासाठी हा सगळा खटाटोप केला ते हातात घेऊन उघडलं, आणि त्यांची घोर निराशा झाली. अक्षरं मनासारखी नव्हतीच. तेव्हा त्यांनी हर्मन झाफ, मॅथ्यू कार्टर, चार्ल्स बिगेलो अशा जाणत्या अक्षरकारांची संगत धरली आणि अनेक वर्षं शिकत, खोडत सगळी अक्षरं नव्यानं घडवली.

टेकही त्यांनी नव्यानं लिहिला. पहिला प्रोग्राम स्टॅनफर्डच्याच एका भाषेत होता, दुसरीकडे न्यायला अवघड. 1978 च्या सुरुवातीला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीसमोर क्नूथ यांचं गणिताच्या छपाईवर व्याख्यान झालं. तेव्हापासून गणितज्ञांची मागणी वाढत गेली, आणि जो तो आपापल्या यंत्रावर टेक नेऊ पाहत होता. त्यात आणखी एक निमित्त घडलं. टोनी होर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं सुचवलं, की टेकचा अख्खा प्रोग्राम पुस्तकासारखा प्रसिद्ध करा. सिद्धांतांच्या सिद्धता छापतो, मग मोठा प्रोग्राम का छापू नये? क्नूथ धास्तावले. छोटी, सुबक उदाहरणं छापणं वेगळं आणि हजारो ओळींचा खराखुरा प्रोग्राम, त्यातल्या ठिगळांसकट, जगापुढे ठेवणं वेगळं.

त्या धास्तीतून ‘लिटरेट प्रोग्रामिंग’ची कल्पना पुढे आली. प्रोग्राम मुख्यतः माणसानं वाचायला लिहायचा; यंत्राला हवा तसा तो नंतर उलगडून घेता येतो. वेब नावाच्या पद्धतीत एकाच फाइलमध्ये गद्य आणि पास्कल भाषेतला कोड शेजारी शेजारी असतात. एक साधन त्यातून यंत्रासाठी कोड काढतं, दुसरं वाचकासाठी छापायचं पुस्तक. 1982 मध्ये टेक या पद्धतीनं पुन्हा लिहून झाला आणि 1986 मध्ये पाच खंडांच्या संचात पुस्तक म्हणून निघाला. 1380 क्रमांकित परिच्छेद, शेवटी सूची. कुठली रीत का निवडली, कुठे सावध राहायचं, कुठला भाग अजून टोचतो, हे सगळं त्यात सलग गद्यात लिहिलेलं आहे.

या नव्या टेकमधला एक निर्णय इथे सांगितलाच पाहिजे. पानावरची सगळी अंतरं तो पूर्णांकांत मोजतो. छपाईतल्या एका पॉइंटचे 65,536 भाग केलेले, म्हणजे एक भाग प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी लहान. इतकी सूक्ष्मता डोळ्याला लागत नाही. पण दशांश अपूर्णांकांची बेरीज त्या काळी प्रत्येक यंत्र थोडी वेगळी करी, आणि त्या केसभर फरकानं एखादी ओळ दुसरीकडे तुटू शकली असती. पूर्णांकांमुळे तीच फाइल कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही साली, तेच पान देते. एखाद्या गणितज्ञानं 1985 मध्ये लिहिलेला निबंध आज चालवला, तरी ओळी तिथेच तुटतील.

टेक कोणीही फुकट घ्यावा, इतकंच नव्हे तर बदलावा, अशी क्नूथ यांची मुभा होती. अट एकच: बदलला तर नाव वेगळं द्या. टेक हे नाव लावायचं असेल तर ‘ट्रिप’ चाचणी पार करावी लागते. ही चाचणी त्यांनी मुद्दाम दुष्ट बुद्धीनं लिहिली. माणूस कधी लिहिणार नाही अशा विचित्र आज्ञांची ती फाइल प्रोग्रामच्या जवळजवळ प्रत्येक ओळीला कधी ना कधी धक्का देते. निघालेलं उत्तर नमुन्याशी तंतोतंत जुळावं लागतं. आणि चूक शोधणाऱ्याला बक्षीस. पुस्तकातल्या चुकीला 2 डॉलर 56 सेंट, कारण 256 म्हणजे सोळाचा वर्ग. प्रोग्राममधल्या चुकीचं बक्षीस दर वर्षी दुप्पट होत 327 डॉलर 68 सेंटांवर स्थिरावलं. क्नूथ यांच्या सहीचे ते चेक लोक वटवण्याऐवजी भिंतीवर लावत.

1989 मध्ये युरोपातल्या वापरकर्त्यांनी गाऱ्हाणं मांडलं: 128 चिन्हांत आमच्या भाषा मावत नाहीत. ते रास्त होतं. क्नूथ यांनी चिन्हांची संख्या 256 केली, एकाच मजकुरात अनेक भाषांचे शब्द तोडण्याची सोय केली, आणि मग जाहीर केलं की आता नवं काहीही घालणार नाही, फक्त चुका दुरुस्त होतील. आवृत्तीचा क्रमांक 3 वरून 3.1, मग 3.14 असा दर दुरुस्तीला पाय (π) या स्थिरांकाच्या एकेका अंकानं पुढे सरकतो. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक कायमचा पाय करावा आणि तेव्हा उरलेल्या चुकांना प्रोग्रामचा भाग मानावं, अशी त्यांची इच्छा आहे. मेटाफॉन्टचा क्रमांक तसाच ‘ई’ या स्थिरांकाकडे जातो.

याची किंमतही मोजावी लागली. चौथ्या खंडाचा पहिला भाग 2011 मध्ये निघाला. टेकची आज्ञाभाषा नवख्याला जाचक वाटते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात तिच्यावर लाटेक रचला नसता, तर टेक इतक्या लोकांपर्यंत पोचता ना. गद्यात प्रोग्राम लिहिण्याची पद्धतही फारशी रुजली नाही. आणि एका माणसाला दहा वर्षं मोकळी देणारं विद्यापीठ सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. हे आक्षेप खरे आहेत. पण गोठवलेला प्रोग्राम म्हणजे मेलेला प्रोग्राम, हा आक्षेप मला मान्य नाही, आणि त्याचं उत्तर आपल्या लिपीनंच दिलं आहे.

देवनागरी टेकच्या रचनेत बसत नव्हती. ऱ्हस्व वेलांटी उच्चाराच्या आधी लिहायची, ‘मार्च’मधला रफार ‘च’च्या डोक्यावर न्यायचा, जोडाक्षरांची रूपं शेकड्यांनी. शेजारशेजारच्या दोन अक्षरांची जोडणी टेकला येत होती, पण हे त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. 1991 मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या फ्रान्स फेल्टहाउस यांनी टेकला हात न लावता वाट काढली. मेटाफॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं घडवली आणि टेकच्या आधी चालणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. रोमन अक्षरांत टंकलेला मजकूर वाचायचा, वेलांट्या-रफार जागच्या जागी लावायचे, आणि तयार माल टेकच्या हवाली करायचा. पुढे इतरांनी त्यात भर घातली. ‘वाऱ्या’तला अर्धा र आला. अ, झ, ण यांसारख्या अक्षरांची उत्तरेकडची आणि आपल्याकडची वळणं वेगळी. त्यातलं आपलं वळण एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या मुंबईच्या छापखान्यांनी घरोघर पोचवलं. ते वळण ‘बॉम्बे’ नावानं या संचात स्वतंत्रपणे दाखल झालं. मुंबईत खिळे ओतणाऱ्यांनी बसवलेलं अक्षर असं शंभर वर्षांनी समीकरणांत आलं.

2004 मध्ये जोनाथन क्यू यांनी झीटेक काढला. नाव वेगळं, कारण अट तीच होती. त्यात युनिकोड मजकूर सरळ देता येतो आणि मराठी मराठीतच टंकून जुळवता येतं. ओळी पाडण्याची रीत मात्र प्लास आणि क्नूथ यांचीच. टेक पुस्तकरूपानं वाचायला खुला होता आणि पायाखाली हलत नव्हता, म्हणूनच त्यावर असे मजले चढले. दर वर्षी बदलणाऱ्या प्रोग्रामवर एकट्यादुकट्यानं आपल्या लिपीची सोय बांधली असती, तर ती दोन वर्षांत कोसळली असती.

चुकांचे अहवाल अजून येतात. स्वयंसेवक ते चाळतात, खरे वाटतील तेवढे बाजूला काढतात आणि क्नूथ ठरलेल्या वर्षी सगळे एकदम तपासतात. दोन तपासण्यांमधलं अंतर दर वेळी एका वर्षानं वाढतं. 2014 नंतर 2021 ची झाली. तीत काही दुरुस्त्या झाल्या आणि टेकचा क्रमांक 3.141592653 झाला. पुढची तपासणी 2029 साली आहे.